पाण्याची वेळ

मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्या गोट्यांच्या वाटा होऊन पडलेल्या असतात. एखाद्या डोहात हिरवट पाणी, त्यात बसलेल्या म्हशी आणि वाळूत झिरे उकरून हंडा भरणाऱ्या बायका, एवढीच नदी उरते. त्याच महिन्यात कोलाडजवळ महामार्गाच्या पुलावर उभं राहून खाली पाहावं. कुंडलिका दोन्ही तीर धरून वाहत असते, खडकांवर फेस काढत, काठच्या करंजांच्या फांद्या ओढत. डोंगर पिवळे पडलेले, शेतं राब भाजून काळी झालेली आणि मधून ही श्रावणात शोभावी अशी नदी.

या पाण्याचं मूळ सह्याद्रीच्या पलीकडे आहे. टाटांचं भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. तेव्हापासून मुळशीला अडवलेलं मुळा नदीचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येतं, चक्रं फिरवतं आणि मोकळं होऊन कुंडलिकेला मिळतं. मुळा मूळची पूर्वेला जाणारी. तिचं पाणी पुण्याच्या संगमावरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचं. त्यातलं मोठं माप आता भिऱ्याला उतरतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात पडतं. रोहेकराला भर वैशाखात पोहायला नदी मिळते ती अशी. या धरणापायी मुळशी खोऱ्यातली गावं आणि भाताची खाचरं बुडाली. ती वाचवायला १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह लढवला. या पाण्याचं सुख घेणाऱ्याने हे ऋण मनात ठेवावं, असं मला वाटतं.

पेण-रोह्याकडे पोहायला कुठे जावं, असं पाहुणे विचारतात. मी त्यांना आधी कधी जावं ते सांगतो. इथली प्रत्येक जागा दिवसातून दोनदा, वर्षातून चारदा बदलते. सकाळी गुडघाभर असलेली नदी तासाभरात गळ्याशी येते. दुपारी चिखल दाखवणारी खाडी संध्याकाळी काठोकाठ भरते. डिसेंबरात तळाचा गोटा दिसावा असा डोह जुलैत माणूस गिळतो. म्हणून इथल्या पाण्याची गोडी ज्याला घ्यायची आहे, त्याने त्याची वेळ ओळखावी. गोडं, खारं, निमखारं, गार आणि कढत, अशी सगळी पाणी या एवढ्याशा मुलुखात आहेत आणि प्रत्येकाचं घड्याळ निराळं आहे.

कुंडलिकेचं घड्याळ वीजघराच्या हातात आहे. विजेची मागणी असेल तसं वीजघर चालतं आणि खाली पाणी सुटतं. साजे गावापासून पुढे रबरी होड्यांमधून जी राफ्टिंगची फेरी चालते, तीही या सुटलेल्या पाण्यावर. म्हणून ती बहुधा सकाळची असते. पाणी ओसरलं की होड्या दगडांना घासू लागतात. होडीतून खाली जाणाऱ्याला नदीचा जोर कळतो. नदीची रीत कळायची असेल तर पाणी यायच्या आधी काठावर येऊन बसायला हवं.

पहाटे नदी निजलेली असते. गोटे उघडे, मधल्या खोलगट जागांत संथ पाणी, काठच्या खडकांवर आदल्या दिवसाच्या पाण्याची रेघ. रेघेखालचा दगड काळसर आणि गुळगुळीत, वरचा करडा आणि खरखरीत. पाहुण्याने सर्वात आधी ही रेघ शोधावी. पाणी कुठवर चढणार ते तिथेच लिहिलेलं असतं. पाणी येतं तेव्हा गाजावाजा करून येत नाही. प्रथम काठाशी अडकलेली वाळकी पानं आणि फेसाचे ठिपके हलू लागतात. मग दोन गोट्यांमधली कोरडी वाळू खालून ओली होते, वरून एक थेंबही न पडता. इतका वेळ डोकं वर काढून असलेला एखादा लहान दगड एका बाजूने भिजतो, मग दिसेनासा होतो. पाण्याचा रंग जरा गढुळतो आणि आवाज सर्वात शेवटी ऐकू येतो. आवाज कानावर येईपर्यंत नदीच्या मधल्या खडकावर बसून राहिलेल्या माणसाची परतीची वाट गेलेली असते. दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईची माणसं इथे फसतात ती यामुळे. त्यांना पाणी दिसतं, पाण्याची चाल दिसत नाही.

पाणी आलं आणि एका पातळीवर स्थिरावलं की मग नदी वाचायची. वरून खाली निमुळती होत जाणारी, गुळगुळीत जिभेसारखी धार दिसली तर तिथे वाट आहे. दोन खडकांमधून खोल पाणी सरळ जातंय असा तिचा अर्थ. टोक वरच्या अंगाला आणि दोन्ही पाय खाली फाकलेले दिसले तर टोकाशी खडक आहे, पाण्याखाली असला तरी. नुसता फुगवटा दिसतो आणि फुटत नाही, तिथे दगड हातभर खाली दडलेला असतो. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटं, प्रवाहाच्या विरुद्ध फिरतं. तिथे पोहणाऱ्याला दम खाता येतो. पांढऱ्या फेसावर भरवसा ठेवू नये, कारण त्यात हवा मिसळलेली असते आणि ते पाणी अंग नीट तोलत नाही. पलीकडचा काठ गाठायचा तर समोरचं झाड धरून निघायचं नाही. तोंड वरच्या अंगाला तिरपं ठेवून हात मारायचे आणि बरंच खाली जाऊन लागायचं हे आधीच कबूल करायचं. धारेने ओढलंच तर उताणं होऊन पाय पुढे करायचे, म्हणजे खडकाशी पहिली गाठ तळव्यांची पडते, डोक्याची पडत नाही.

आणि तो गारवा! धरणाच्या पोटातून, बोगद्याच्या काळोखातून आलेलं पाणी. बाहेर अंगाची लाही होत असताना पहिली बुडी मारली की छातीचा भाता क्षणभर थांबतो. दुसऱ्या बुडीला कान मोकळे होतात, तिसरीला पाणी आपलं होतं. तलावातलं पाणी वर कोमट आणि खाली गार असतं. इथे ढवळलेलं पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखं असतं आणि सतत नवं येत राहतं. पाच मिनिटं जागेवर हात मारत राहिलं तर आपण तिथेच असतो आणि अंगावरून मुळशीचं धरण जात असतं. वाहत्या पाण्यात पोहण्याचं सगळं सुख त्या जागच्या जागी पोहण्यात आहे.

याच पाण्याला डोलवहाळच्या बंधाऱ्याने आवर घातला आहे. तिथून दोन्ही अंगांना कालवे निघतात आणि रोहा-माणगावकडच्या शेतांत उन्हाळी भात उभं राहतं. बंधाऱ्यावरचं पाणी रुंद, संथ आणि दिसायला फार देखणं. लांब हात टाकत सुरात पोहायचं असेल तर असं पाणी हवं. पण बंधाऱ्याच्या तोंडापासून लांब राहावं आणि बंधाऱ्याच्या खाली, जिथे पाणी पडतं तिथे, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही जाऊ नये. पडलेलं पाणी तळाशी जाऊन परत भिंतीकडे वळतं आणि सापडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा त्याच जागी आणतं. धबधब्याच्या कोंडीत बुडणाऱ्यांचं कारण पुष्कळदा हेच असतं. भिऱ्याजवळचं देवकुंड याच जातीचं. कुंडलिकेचा उगम म्हणून त्याचं नाव घेतात. कड्यावरून पडणाऱ्या धारेने खणलेला तो खोल कोंड हिवाळ्यात डोळे निववतो. पावसाळ्यात तिथे बंदी असते आणि ती योग्य आहे.

रोह्याला नदी गावाची होते. एका काठाला रोहा, दुसऱ्याला अष्टमी. रोह्यातली मागची पिढी या घाटावर पोहायला शिकली. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा, नाहीतर तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा. काकांनी किंवा थोरल्या चुलतभावाने पोटाखाली हात धरायचा आणि पुरेशी भीती मोडली की न सांगता काढून घ्यायचा. मग मुटका, मग सूर, मग तळाची वाळू मुठीत घेऊन वर येणं. ही वाळू दाखवल्याशिवाय कोणी पोहणारा ठरत नसे. बिंडा लहान लहान करत नेऊन शेवटी सोडायचा, ही पद्धत मला अजूनही सर्वात शहाणी वाटते. लाकूड अंगाला उचलून धरतं, पण पाय मारायचं काम मुलाचं मुलालाच करावं लागतं, आणि बुडण्याचं भय हळूहळू मोडतं.

पण आज रोह्याच्या खाली खाडीच्या अंगाला मी उतरत नाही, आणि कुणाला उतरा म्हणत नाही. धाटावची रासायनिक वसाहत या नदीच्या काठी आहे. देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं, तिच्यात कुंडलिकेचं नाव आलेलं आहे. ज्या नदीचं पाणी डोंगर फोडून आणलं, ती गावाजवळ येताच पोहायच्या लायकीची राहू नये, ही गोष्ट मनाला लागते. नदीकाठ फरशा बसवून आणि दिवे लावून सुशोभित होतो. त्याच काठावरून मूल निर्धास्तपणे पाण्यात उडी मारू शकलं, तर नदी सुधारली असं म्हणावं. दुसरी कुठलीही कसोटी मला पटत नाही.

रोह्यापासून पुढे नदीचं घड्याळ बदलतं. वीजघराची सत्ता संपते आणि चंद्राची सुरू होते. कोळी आणि आगरी घरांतून हे घड्याळ तोंडपाठ असतं: तिथीला पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ निघते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. सकाळी तीच, रात्री साधारण तीच, आणि दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. ही वेळ उघड्या किनाऱ्याची. खाडीत जसजसं आत जावं तसतशी भरती उशिरा पोचते, आणि तो उशीर प्रत्येक गावाला आपला आपला माहीत असतो. कागदावरच्या कोष्टकाइतका हा हिशेब नेमका नाही, पण आज पाण्यात उतरायचं की नाही हे ठरवायला पुरतो. अलिबागला कुलाबा किल्ल्यात पायी गेलेले लोक वेळेत परतले नाहीत तर अडकतात, ते हा हिशेब न मांडल्यामुळे.

भरतीच्या घड्याळावर पोहण्याचं हे सुख जगात सगळीकडे नाही. बाल्टिक समुद्राच्या काठची टॅलिन किंवा रिगा ही शहरं घ्या. तिथला उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा, पाणी जुलैतही जेमतेम वीस अंशांच्या आसपास, आणि सूर्य रात्री उशिरापर्यंत मावळत नाही. साऱ्या शहराने किनाऱ्यावर लोटावं असे ते दिवस. पण बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच आणि पाणीही आपल्या समुद्रापेक्षा पुष्कळ कमी खारं. तिथला पोहणारा वारा पाहतो, पाण्याचं तापमान पाहतो, कडक उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळाची साय आली आहे का ते पाहतो आणि जीवरक्षकांचा बावटा पाहून उतरतो. आपल्याकडे पाण्याचं तापमान कुणी विचारत नाही. आपला समुद्र मात्र मुंबई बंदराच्या परिसरात उधाणाला चार मीटरहून अधिक चढतो आणि उतरतो, तेही दिवसातून दोन वेळा. तिथे माणसं ऋतूची वाट पाहतात, इथे तासाची पाहावी लागते. त्यांच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पोहणं हा नागरिकाचा हक्क मानून पाणी तपासणं आणि त्याचा निकाल काठावर लावणं. आपल्याकडे काठावर बहुधा एकच पाटी असते, धोक्याची.

कुंडलिकेचं मुख रेवदंड्याला. एका अंगाला पोर्तुगीजांनी बांधलेली तटबंदी, दुसऱ्या अंगाला कोर्लईचा डोंगर आणि त्यावरचा किल्ला. मुखाशी पाणी दिसायला शांत आणि पोटातून फार जोरात ओढणारं. ओहोटीला सगळी खाडी तिथून बाहेर पडत असते. पोहायचं तर मुखापासून दूर, तटाच्या उत्तरेकडच्या काळसर वाळूवर, आणि भरती चढती असताना. चढती भरती पोहणाऱ्याला किनाऱ्याकडे ढकलत राहते. ओहोटी लागली की अंग पुसून वर यावं. लाटांत तीन हात टाकून सूर्य बुडताना पाहायला लोक नेमके उलट्या वेळी शिरतात. मावळतीचं सौंदर्य पाण्याच्या वेळेशी जुळतंच असं नाही.

रोह्याच्या उत्तरेला अंबा नदी. बोरघाटाच्या बाजूने उतरून पालीवरून नागोठण्याला येणारी. नागोठण्याचा सोळाव्या शतकातला दगडी पूल अजून उभा आहे. तिथल्या बंधाऱ्याच्या वर गोडं पाणी, खाली खाडी. त्याच नदीच्या खोऱ्यात, पालीजवळ उन्हेरे आहे. तिथली गरम पाण्याची कुंडं पोहण्याची नाहीत, बसण्याची आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून महाडजवळच्या सवपर्यंत आणि पुढे राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर अशा उन्हाळ्यांची एक रांगच आहे. उन्हेरे त्या रांगेतलं. तिथली वेळ थंडीची आणि पहाटेची. पौषात अंगावर शहारे असताना पायरी पायरीने उतरावं, पाणी गळ्याशी आलं की डोळे आपोआप मिटतात. तिथून उठून अंबेच्या गार धारेत एक बुडी मारली की अंगातला सगळा शीण निघतो. एकाच खोऱ्यात निसर्गाने कढत आणि गार पाणी इतकं जवळ ठेवावं, हे भाग्य आहे.

पेणला नदी लहान, भोगावती. तिच्या वरच्या अंगाला हेटवण्याचं धरण. तिथलं पाणी पिण्यासाठी नवी मुंबईला जातं, म्हणून तिथे उतरू नये. पेणचं खरं पोहणं विहिरीत आणि तळ्यात झालं. चिरेबंदी विहिरीत काठावरून सूर मारताना खालचं आभाळ फुटतं आणि आपला आवाज भिंतीला आपटून दुप्पट होतो. विहिरीत ओढ नसते, काठ मात्र हाताला लागत नाही. त्यामुळे ती दम शिकवते. पेणची माती आणि हात गणपती घडवतात आणि ते गणपती दूरदूरच्या पाण्यात विसर्जित होतात. पाण्याशी असं नातं असलेल्या गावाने पोहणं विसरू नये.

शहराच्या पश्चिमेला खारपाट. बांध घालून समुद्रापासून राखलेली भातशेती, उघाड्या, खाजण आणि त्यापलीकडे धरमतरची खाडी. इथून या प्रदेशातलं सर्वात मोठं पोहणं सुरू होतं. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया, सुमारे ३६ किलोमीटर. इंग्लिश खाडीची सर्वात अरुंद जागा ३३ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अंतरात हे पोहणं तिच्याहून कमी नाही. पाणी तिथल्यासारखं गोठवणारं नाही, एवढीच सवलत. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलामुलींनी लांब पल्ल्याचं पोहणं या पाण्यात सुरू केलं. सात समुद्रधुन्या पोहून जाणारा पहिला आशियाई ठरलेला पुण्याचा रोहन मोरे याने २०१८ मध्ये तो पल्ला पुरा केला. तोही लहानपणी हे अंतर पोहला होता.

या पोहण्याची रचना मला एखाद्या बांधेसूद बंदिशीसारखी वाटते. सुरुवात बहुधा रात्रीची किंवा पहाटेच्या अंधारातली, कारण घड्याळ भरतीचं असतं. धक्क्यावर अंगाला वंगण चोळलेला मुलगा उभा असतो. काखेत, मानेला, मांड्यांना जाड थर, कारण खाऱ्या पाण्यात आठ-दहा तास हात फिरले की कातडी सोलते. सोबतची होडी तयार असते. सगळे पाण्याकडे पाहत असतात. भरती पूर्ण झाली की खाडी थोडा वेळ थांबते. धक्क्याच्या खांबाशी एखादी काटकी तरंगत असते, ना आत जाते ना बाहेर. बांधलेल्या होडीचा दोर सैल पडतो. मग काटकी पहिल्यांदा समुद्राकडे हलते, दोर ताणतो आणि प्रशिक्षक म्हणतात, उतर. या क्षणाच्या आधी उतरलेला पोहणारा वाहत्या भरतीशी भांडतो. बराच उशिरा उतरलेला पुढच्या भरतीला खाडीच्या तोंडाशी सापडतो.

पहिला भाग ओहोटीचा. खाडी पाठीवर हात ठेवून बाहेर नेते. दोन्ही अंगांना खारफुटीच्या काळ्या रेघा, मध्ये मालवाहू बार्जांचे दिवे, आणि पाण्यात हात टाकला की कधी कधी निळसर चमक. रेवस आणि करंजा यांच्यामधून बाहेर पडलं की पाणी मोठं होतं. लाटेची लांबी बदलते, चव बदलते, चिखलाचा वास जाऊन मोकळ्या समुद्राचा वास येतो. दुसरा भाग बंदराचा. हाच इथला अवघड भाग. ओहोटी आता बाहेर समुद्राकडे ओढते आणि मुंबई तर वरच्या अंगाला. मग भरती फिरायची वाट पाहत, दिशा सांभाळत हात मारत राहायचं. होडीला हात लावायचा नाही, लावला की पोहणं बाद. खाणं-पिणं होडीतून लांबवून दिलं जातं, ते पाण्यात उभ्याउभ्या घ्यायचं. अंगाला जेलीफिश लागतात, फोड येतात, तेलाचा तवंग लागतो. मग भरती लागते आणि तीच पोहणाऱ्याला गेटवेकडे लोटते. एकच समुद्र खाडीतून बाहेर काढतो आणि बंदरात वर चढवतो, मधली अवघड वेळ तेवढी पोहणाऱ्याने आपल्या दमावर काढायची. पोहणाऱ्याच्या दंडात बळ असतं, पण हे अंतर जिंकून देते ती वेळेची निवड. म्हणूनच बारा-चौदा वर्षांचं मूल ते पार करू शकतं आणि घाईने उतरलेला बलदंड माणूस मध्येच होडीत चढतो.

एक वेळ अशी आहे की तेव्हा कुठेच उतरायचं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून नद्या आपल्या राहत नाहीत. घाटमाथ्यावर रात्री पडलेला पाऊस पहाटे खाली पोचतो, खाली आभाळ कोरडं असलं तरी. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने सुधागड तालुक्यातलं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं, तेव्हा पाण्याची चाल किती आंधळी होऊ शकते ते या भागाने पाहिलं. पोहता येणं हे पुरावरचं उत्तर नाही. पाण्यावर खरं प्रेम असलेला माणूस त्या चार महिन्यांत काठावर उभा राहून पाण्याला जाऊ देतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यानंतर कोळी होड्या पाण्यात लोटतात, यात हीच समज आहे. ऑक्टोबरात गढूळपणा बसला, डोहाचा तळ दिसू लागला की मग पुन्हा सुरुवात करावी.

पोहण्याची गोडी लावणं ही मला आज या दोन तालुक्यांची निकड वाटते. इथे पावलोपावली पाणी आहे, आणि पोहता न येणारी मुलं वाढत आहेत. मुलींना तर अजून घाटावर कपडे धुवायला जागा मिळते, पोहायला मिळत नाही. हे बदलायला हवं, आणि ते अवघडही नाही. शाळांनी हिवाळ्यात संथ डोह आणि जवळची विहीर निवडावी, पट्टीचे पोहणारे कोळी, आगरी आणि घाटावरचे जुने लोक गुरू म्हणून बोलवावेत, मुलींची वेळ वेगळी हवी असेल तर ती ठरवून द्यावी. कोलाडच्या पाणवठ्यांवर त्या दिवशी पाणी कधी सुटणार ते लिहावं. रेवदंड्याला आणि अलिबागला त्या तिथीची भरती-ओहोटी लिहावी. रोह्याला महिन्याच्या महिन्याला पाणी तपासून निकाल घाटावर लावावा. धोक्याची पाटी माणसाला पाण्यापासून लांब ठेवते. वेळेची पाटी त्याला पाण्याजवळ नेते आणि सुखरूप परत आणते.

हात मारणं आठ दिवसांत येतं. पाण्याची वेळ कळायला मात्र एक पूर्ण वर्ष लागतं, एक पावसाळा, एक हिवाळा, एक वैशाख, उधाणं आणि भांग, सुटलेलं पाणी आणि ओसरलेलं. पेण-रोह्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला असं एक वर्ष, जाणत्या माणसाच्या सोबतीने, मिळालंच पाहिजे.